पोटात ठेवलेली कवटी

मुंबईच्या उपनगरांत डोक्याला जबर मार लागलेल्या माणसाच्या घरचे काही दिवसांनी चाळीत, सोसायटीत जे सांगतात ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही: ‘डोक्याचं हाड काढून पोटात ठेवलंय.’ पण हे अक्षरशः खरं असतं. कवटीचा तळहाताहून मोठा तुकडा कापून काढलेला असतो आणि पोटाच्या कातडीखाली, चरबीच्या थरात कप्पा करून तो तिथे शिवून ठेवलेला असतो. काही महिन्यांनी तो तिथून काढून पुन्हा डोक्यावर बसवायचा असतो. या दुसऱ्या शस्त्रक्रियेला क्रॅनिओप्लास्टी म्हणतात. हाड वापरण्याजोगं उरलं नसेल तर त्या जागी हाडांचं सिमेंट, टायटॅनियम किंवा ‘पीक’ नावाचं प्लास्टिक बसवतात, आणि मग नातेवाइकांपुढे प्रश्न येतो: ‘यातलं चांगलं कुठलं?’ उत्तर बहुतेक वेळा किमतीच्या चढत्या क्रमाने ऐकू येतं, जणू महाग तेवढं मजबूत. हाती असलेला पुरावा मात्र या क्रमाला दुजोरा देत नाही. तुकडा कशाचा आहे यापेक्षा तो किती नेमका बसला, वरची कातडी किती धड होती आणि मुख्य म्हणजे माणूस वेळेत परत आला का, यावर कवटीची दुरुस्ती जास्त ठरते, असं मला वाटतं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात तर हे फारच लागू पडतं.

हाड काढावं का लागतं हे आधी पाहू. प्रौढ माणसाच्या कवटीत साधारण दीड लिटर जागा असते. त्यातली ऐंशी टक्के मेंदूने व्यापलेली, उरलेली रक्त आणि मेंदूभोवतीचा द्रव यांनी. ही जागा वाढत नाही. आत रक्त साकळलं किंवा मेंदूला सूज आली की द्रव आणि रक्त थोडी जागा करून देतात, आणि तेवढी सोय संपली की दाब एकदम चढतो. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर मन्रो आणि जॉर्ज केली यांनी १७८३ आणि १८२४ मध्ये मांडलेलं हे तत्त्व आजही न्यूरोसर्जरीची पहिली इयत्ता आहे. एरवी ७ ते १५ मिलिमीटर पाऱ्याइतका असणारा दाब विशी ओलांडून वर जात राहिला आणि औषधांनी उतरला नाही, तर मेंदूला रक्त पोचेनासं होतं. तेव्हा कवटीची एक बाजू उघडी करून सुजेला वाव देतात. तुकडा निदान १२ बाय १५ सेंटिमीटरचा हवा, कारण भोक लहान ठेवलं तर मेंदू त्याच्या कडेवर दाबला जाऊन आणखी चेमटतो. लोकलच्या दारात लटकताना खांबाचा फटका बसलेले, रूळ ओलांडताना उडवले गेलेले, द्रुतगती मार्गावर दुचाकीवरून पडलेले, बांधकामाच्या परांचीवरून कोसळलेले आणि पक्षाघाताने अर्धा मेंदू सुजलेले, असे सगळे या टेबलावर येतात. मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. दुचाकीवर मागे बसणाऱ्याच्या हेल्मेटची सक्ती या शहरात नेटाने सुरू झाली ती २०२२ मध्ये, हेही इथे नोंदवायला हरकत नाही.

हाड काढण्याने जीव वाचतो, पण कसा वाचतो हेही पाहायला हवं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेस्क्यू-आयसीपी’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत चारशेहून जास्त रुग्ण होते. सहा महिन्यांनी हाड काढलेल्या गटात २६.९ टक्के दगावले होते आणि फक्त औषधांवर ठेवलेल्या गटात ४८.९ टक्के. मात्र बेशुद्धावस्थेत पडून राहिलेले पहिल्या गटात ८.५ टक्के आणि दुसऱ्यात २.१ टक्के होते. म्हणजे ही शस्त्रक्रिया मरणाच्या दारातून जितक्यांना मागे ओढते, त्यातल्या सगळ्यांनाच चालतंबोलतं करते असं नाही. पण वाचलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात एक खिडकी उघडी राहते, आणि तिची जबाबदारी त्यानंतर कोणाची, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

ही खिडकी बंद करणं म्हणजे दिसण्याची हौस आहे, असा समज नातेवाइकांतच नाही तर कधीकधी डॉक्टरांतही असतो. सूज उतरली की त्या बाजूची कातडी आत जाते, डोक्याला खोलगट वाटी पडल्यासारखी दिसते. बाहेरच्या हवेचा दाब मग हाडाऐवजी थेट कातडीवर आणि तिच्यामार्फत मेंदूवर पडतो. झोपलेला माणूस बरा असतो, उठून बसला की डोकं दुखतं, गरगरतं. काहींचं लक्ष लागत नाही, काहींचा सुधारत आलेला हात पुन्हा जड होतो, बोलणं अडखळतं. १९३९ मध्ये ग्रँट आणि नॉरक्रॉस यांनी या लक्षणांचं वर्णन केलं तेव्हा बऱ्याच जणांनी ती मनाची समजूत मानली. पुढे मेंदूतला रक्तप्रवाह मोजणारी तंत्रं आली, आणि हाड बसवल्यावर तो प्रवाह सुधारतो हे दिसलं. फिजिओथेरपीत महिनोन्‌महिने अडकलेला माणूस क्रॅनिओप्लास्टीनंतर काही आठवड्यांत पुढे सरकतो, असा अनुभव न्यूरोसर्जन जगभर नोंदवत आले आहेत. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. मूळ इजा खोल असेल तर हाड बसवून ती भरून निघत नाही. तरीही दुरुस्ती हा उपचाराचा भाग आहे, सजावटीचा नव्हे, एवढं म्हणायला पुरेसा आधार आहे.

आता त्या पोटातल्या हाडाकडे येऊ. काढलेला तुकडा ठेवायचे मुख्य मार्ग दोन. एक म्हणजे तो निर्जंतुक वेष्टनात गुंडाळून उणे ७० ते उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवणं, दुसरा पोटाच्या कातडीखाली. पोटाची पद्धत शंभर वर्षांपूर्वीची आहे. तिच्यावरचे आक्षेप रास्त आहेत: पोटावर आणखी एक जखम, तिथे रक्त साकळण्याची किंवा पू होण्याची शक्यता, कूस बदलताना टोचणारी कड, आणि बराच काळ पडून राहिलेल्या हाडाच्या कडा झिजणं. फ्रीजरमध्ये यातलं काही नाही. तरी मुंबईत आणि एकूण देशातच पोट टिकून आहे ते केवळ जुन्या सवयीने नाही. फ्रीजर म्हणजे चोवीस तास न जाणारी वीज, तापमानाची नोंद, प्रत्येक तुकड्यावर न पुसली जाणारी चिठ्ठी, वेळोवेळी जंतुतपासणी आणि हे सगळं सांभाळणारं माणूस. आणि एवढं करूनही हाड त्याच इमारतीत राहतं. इथला रुग्ण राहतोच असं नाही. अपघात जोगेश्वरीजवळ झाला म्हणून महामार्गालगतच्या ट्रॉमा रुग्णालयात किंवा कूपरला, घाटकोपरला झाला म्हणून राजावाडीत, तिथून पुढे शीव किंवा परळला, आणि घरी गेल्यावर तो रत्नागिरीला, जौनपूरला किंवा दरभंग्याला. सहा महिन्यांनी तो कुठल्या रुग्णालयाच्या दारात उभा राहील हे कोणी सांगू शकत नाही. पोटात ठेवलेलं हाड त्याच्यासोबत प्रवास करतं, कुठल्याही सर्जनला हाताला लागतं आणि दुसऱ्या कोणाचं निघण्याची भीती नसते. सुसज्ज रुग्णालयात फ्रीजर उत्तमच. पण रुग्ण आणि रुग्णालय यांची गाठ पुन्हा पडेल याची खात्री नसेल तिथे पोटाला मागास म्हणणं अन्यायाचं आहे.

स्वतःचं हाड परत बसवण्याचे फायदे उघड आहेत: आकार तंतोतंत, खर्च नाही, शरीराला परकं नाही. त्यावरचा मोठा आक्षेप असा की ते विरघळतं. हे खरं आहे. बाहेर काढलेल्या हाडातल्या पेशी बहुतांशी मरतात. परत बसवल्यावर ते जिवंत हाड म्हणून काम करत नाही, कडेच्या जिवंत हाडाने हळूहळू आत शिरून ते नव्याने भरावं, यासाठीचा सांगाडा म्हणून काम करतं. भरण्याचा वेग आणि विरघळण्याचा वेग यांची शर्यत लागते. तुकडे अनेक असतील, कडेला फटी राहिल्या असतील किंवा रुग्ण लहान असेल, तर विरघळणं जिंकतं. जंतुसंसर्गाच्या भीतीने हाड ऑटोक्लेव्हमध्ये उकडलं तर त्यातली प्रथिनंही जातात आणि झीज वाढते. ऑस्ट्रेलियात पर्थ इथे हनिबुल आणि सहकाऱ्यांनी ६४ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं विभागून हाड आणि सानुकूल टायटॅनियम यांची थेट तुलना केली. निकाल २०१७ मध्ये आला. हाडाच्या गटातल्या ३१ पैकी ७ जणांचं हाड इतकं झिजलं की ते बदलावं लागलं. टायटॅनियमच्या बाजूने बोलणारे हा आकडा नेहमी पुढे करतात, आणि तो दडवण्याजोगाही नाही. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की २४ जणांचं काम फुकटच्या हाडावर भागलं, आणि पुन्हा केलेल्या शस्त्रक्रिया धरूनही दोन्ही गटांच्या एकूण रुग्णालयीन खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. टायटॅनियमची पट्टी तिथल्या विमाव्यवस्थेत बसते. इथे ती रुग्णाच्या खिशातून येणार असेल तर हिशेब हाडाच्या बाजूने आणखी झुकतो. पहिली पसंती हाडाची, पण दोन वर्षं सीटी स्कॅनवर नजर ठेवण्याच्या अटीवर, असं म्हणणं मला तरी सुरक्षित वाटतं.

पण हाड नेहमी मिळत नाही. अपघातात त्याचा चुरा झालेला असतो, त्यात गाठ पसरलेली असते, किंवा ते पिकून काढून टाकावं लागलेलं असतं. मग पर्याय शोधावा लागतो, आणि या शोधाचा इतिहास गमतीचा आहे. सतराव्या शतकात डच सर्जन योब व्हॅन मेकेरेन याने एका रशियन सरदाराची हकिगत नोंदवली आहे: त्याच्या कवटीतलं भोक कुत्र्याच्या हाडाने बुजवलं, ते छान बसलं, पण चर्चने त्याला बहिष्कृत केलं, आणि परत चर्चमध्ये घ्या म्हणून तो हाड काढून मागू लागला. सोनं मऊ पडलं, चांदी काळवंडली आणि ऊतींना बाधली, ॲल्युमिनियमने झटके आणले. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेले सैनिक इतके आले की टँटलम धातू आणि ॲक्रिलिक या दोहोंची परीक्षा एकदमच झाली. टँटलम महाग, उष्णता वाहून नेणारं आणि एक्स-रेत सगळं झाकून टाकणारं निघालं. ॲक्रिलिक राहिलं. ते नवं नव्हतंच. म्हाताऱ्यांच्या दातांच्या कवळीचा गुलाबी भाग त्याचाच असतो.

हे ॲक्रिलिक, म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट, ऑपरेशन थिएटरात ‘सिमेंट’ नावाने येतं. पाकिटात पांढरी भुकटी आणि सोबत काचेच्या कुपीत उग्र वासाचा द्रव. वाडग्यात दोन्ही कालवलं की आधी पातळ, मग तारा सुटणारं, मग हाताला न चिकटणारं पीठ होतं. या अवस्थेत ते निर्जंतुक प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये लाटून भोकावर पसरतात, कडा दाबून घेतात आणि हाताने गोलाई देतात. वेळ काही मिनिटांचाच. मग ते स्वतःहून तापायला लागतं. कडक होताना निघणारी उष्णता सत्तर-ऐंशी अंशांच्या घरात जाऊ शकते, म्हणून घट्ट व्हायच्या सुमाराला ते मेंदूच्या आवरणापासून उचलून धरतात किंवा वर सलाइनची धार सोडत राहतात. थंड झालेल्या पट्टीला ड्रिलने भोकं पाडतात, खाली साचणारं पाणी निघून जावं आणि मेंदूचं आवरण मधोमध टाक्याने पट्टीला टांगता यावं म्हणून. मग छोट्या टायटॅनियम पट्ट्या आणि स्क्रूंनी ती कडेच्या हाडाला पक्की करतात. अर्थात ही सगळ्यात सोपी पायरी. खरी कसोटी त्याआधी असते: कातडी आणि मेंदूचं आवरण महिनोन्‌महिने एकमेकांना चिकटलेली असतात, कानशिलाचा स्नायू खाली गोळा होऊन बसलेला असतो, आणि आवरण न फाटता या सगळ्यांना सुटं करायचं असतं.

ॲक्रिलिकविरुद्धचे आक्षेप मी हलके लेखत नाही. हाडाशी ते एकजीव होत नाही, म्हणून कायम परकंच राहतं. आदळलं तर तडकू शकतं. न जुळलेला द्रव थोडाफार झिरपतो. आणि एकदा जंतू चढले तर औषधांनी ते धुतले जात नाहीत, पट्टी काढावीच लागते. पण शेवटचा मुद्दा टायटॅनियम आणि पीकलाही जवळजवळ तसाच लागू आहे. क्रॅनिओप्लास्टीत गुंतागुंतीचं प्रमाण जगभरच्या अहवालांत दहा टक्क्यांपासून तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत आढळतं. ज्या शस्त्रक्रियेला सर्जन मंडळी एरवी सोपी म्हणतात तिच्यासाठी हे फार आहे. आणि या आकड्यांमागची कारणं बघितली तर आधी होऊन गेलेला संसर्ग, पुन्हा पुन्हा उघडलेली जखम, पातळ झालेली कातडी, उघडं पडलेलं कपाळाचं सायनस, मेंदूत साचलेलं पाणी आणि मधुमेह ही नावं सामग्रीच्या नावाआधी येतात. टायटॅनियम मजबूत आहे, हाडाच्या पेशी त्याला जवळ करतात, जाळीच्या रूपात ते हवं तसं वळतं. पण पातळ कातडीखाली त्याची कड काही वर्षांनी बाहेर डोकावू शकते, आणि स्कॅनमध्ये ते सावली टाकतं, जी गाठीच्या रुग्णाला महागात पडते. पीक स्कॅनमध्ये सावली टाकत नाही, त्याची लवचीकता हाडाच्या जवळची आहे, आकार कारखान्यातून तयार येतो. मात्र हाडाशी नातं तेही जोडत नाही, आणि सिमेंटचं पाकीट काही हजारांत येतं तिथे सानुकूल पीकची पट्टी लाखांत जाते. हायड्रॉक्सिॲपटाइटची गोष्ट वेगळी: ते हाडाच्याच खनिजाचं भावंड, नवं हाड त्यात शिरतं, पण मोठ्या भोकासाठी ते फार ठिसूळ. सर्व बाबतींत सरस असं काही अजून हाती आलेलं नाही.

महागड्या पट्ट्यांचं एक सामर्थ्य मात्र निर्विवाद आहे: आकार. कपाळ आणि भुवईची कड, कानशिलाचा उतार हाताने सिमेंट थापून हुबेहूब येत नाही. ओबडधोबड पट्टीच्या उंच कडेवर कातडी ताणली जाते, तिचं रक्त कमी होतं आणि जखम उसवते. म्हणजे रूपाचा प्रश्न शेवटी संसर्गाचा होतो. भारतातल्या दंतमहाविद्यालयांनी यावर पूर्वीच एक उपाय काढला होता. डोक्याचा ठसा घ्यायचा, मेणाचा नमुना करायचा, आणि कवळीसारखीच भट्टीत पिकवून ॲक्रिलिकची पट्टी आधीच तयार ठेवायची. तापवून घट्ट केलेल्या अशा पट्टीत न जुळलेला द्रव कमी राहतो आणि टेबलावर मेंदूजवळ उष्णताही निघत नाही. ती ऑटोक्लेव्हमध्ये मऊ पडून वाकते म्हणून इथिलिन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करतात. त्रिमितीय छपाईने हाच मार्ग सोपा केला. एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेदांचा सीटी स्कॅन घ्यायचा, संगणकावर धडधाकट बाजू आरशासारखी उलटून भोकावर बसवायची, त्यावरून दोन भागांचा साचा छापायचा आणि ऑपरेशनच्या वेळी तेच पाकिटातलं सिमेंट त्यात दाबायचं. उष्णता साच्यात निघते, मेंदूला तिची झळ लागत नाही. छपाईचं स्वस्त प्लास्टिक साठेक अंशांना मऊ पडतं, म्हणून साचा आतून पातळ आवरणाने झाकावा लागतो, आणि भोक दोन्ही बाजूंना पसरलेलं असेल तर उलटायला धडधाकट बाजूच नसते, ही अडचण आहेच. पण लाखांच्या पट्टीचा खरा गुण, तिची गोलाई, काही हजारांत मिळते. या कामाला लागणारी विद्या आपल्या दारात आहे. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं, आणि डॉक्टर व अभियंते एकाच टेबलाशी बसवायचे हा त्याचा पायाच होता. पवईपासून घाटकोपर, मुलुंड, अंधेरी इथली सगळीच रुग्णालयं तासाभराच्या आत आहेत, निदान वाहतूक मोकळी असेल तेव्हा. कायद्याच्या बाजूनेही साचा सोयीचा पडतो: २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्समध्ये उपकरणांची वर्गवारी धोक्यानुसार आहे आणि कायम शरीरात राहणाऱ्या वस्तूंवर कडक नजर असते, साचा रुग्णाच्या शरीरात राहत नाही, राहतं ते आधीपासून परवाना असलेलं सिमेंट.

यावर कोणी म्हणेल, गरिबाला सिमेंट आणि श्रीमंताला पीक, हीच तर विषमता. सरकारने सगळ्यांना उत्तम द्यावं. आक्षेपामागची भावना मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. सार्वजनिक पैसा मर्यादित असतो, आणि तो कुठे लावल्याने जास्त माणसं बरी होतात हे पाहावं लागतं. या साखळीत सगळ्यात कमकुवत कडी मला दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वाटेवरची दिसते. पहिली शस्त्रक्रिया आणीबाणीची, तिला कोणी थांबवत नाही. दुसरी ‘ठरवून करायची’ असते, आणि ठरवून करायच्या गोष्टी सार्वजनिक रुग्णालयात रोजच्या अपघातांपुढे मागे पडतात. पूर्वी संसर्गाच्या भीतीने सहा महिने थांबायची रीत होती. आता जखम स्वच्छ असेल आणि सूज उतरली असेल तर तीन महिन्यांच्या आतही करता येते, आणि लवकर केल्याने मेंदूच्या सुधारणेला हातभार लागतो, असं सुचवणारे अभ्यास आहेत. सगळे अभ्यास एकमुखी नाहीत, पण वर्षभर लांबवण्याच्या बाजूचा पुरावा कोणाकडेच नाही. आयुष्मान भारतच्या पॅकेजांत क्रॅनिओप्लास्टी आहे, स्वतःचं हाड आणि बाहेरची सामग्री असे तिचे दोन वेगळे प्रकारही आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं कवच आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढवलेलं आहे. कागदावर पैशाची सोय झालेली आहे. अडते ती तारीख, खाट आणि परत येणारा माणूस. शंभर पीकच्या पट्ट्यांचा पैसा या तारखा पाळण्यावर लावला तर जास्त कवट्या बंद होतील.

याच तर्काचा पुढचा टप्पा म्हणजे जिथे जमेल तिथे हाड काढूच नये. मेंदूच्या आवरणाखाली रक्त साकळलेल्या रुग्णांवरच्या ‘रेस्क्यू-एएसडीएच’ या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये आले. रक्त काढल्यावर मेंदू फार फुगलेला नसेल आणि हाड परत बसवणं शक्य असेल, अशांपैकी निम्म्यांचं हाड लगेच बसवलं, निम्म्यांचं बाहेर ठेवलं. वर्षभरानंतर दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती. हाड बसवलेल्यांपैकी १४.६ टक्क्यांना दोन आठवड्यांत पुन्हा उघडावं लागलं, दुसऱ्या गटात ६.९ टक्क्यांना, पण जखमेच्या तक्रारी पहिल्या गटात ३.९ आणि दुसऱ्यात १२.२ टक्के होत्या. कोणी म्हणेल, पुन्हा उघडण्याची वेळ दुप्पट जणांवर आली. हो, आणि जिथे रात्री सीटी स्कॅन आणि अतिदक्षता खाट लगेच मिळत नाही तिथे ही जोखीम घेऊ नये. जिथे मिळते तिथे मात्र ‘काढून ठेवू, नंतर बघू’ ही सवय तपासायला हवी, कारण ते ‘नंतर’ या शहरात बऱ्याचदा गावाकडच्या गाडीत बसून निघून जातं.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र माझा वरचा क्रम मोडतो. त्यांची कवटी वाढत असते, स्वतःचं हाड विरघळण्याचं प्रमाण मोठ्यांहून बरंच जास्त असतं, आणि न वाढणारी पट्टी स्क्रूने आवळून टाकली की पुढे आकार बिघडण्याची चिंता असते. २०१८ मध्ये पुण्याच्या भारती रुग्णालयात अपघातात जखमी झालेल्या चार वर्षांच्या मुलीच्या कवटीचा सुमारे साठ टक्के भाग अमेरिकेत बनवलेल्या सानुकूल पॉलिएथिलीनच्या रोपणाने बदलला गेला. वृत्तपत्रांनी त्याला देशातलं पहिलं कवटी-रोपण म्हटलं. क्रॅनिओप्लास्टी इथे दशकानुदशकं होत आली आहे, त्यामुळे तो मथळा सैल होता. पण एवढ्या मोठ्या भोकाला, एवढ्या लहान वयात, सच्छिद्र आणि मापाची पट्टी हाच मार्ग होता, आणि तिथे परदेशी कारखान्याला दिलेला पैसा वायफळ म्हणता येणार नाही. सरकारी तिजोरीतून महाग रोपण द्यायचं तर ते अशा मुलांना, कपाळ-भुवईची कड गेलेल्यांना आणि दोनदा पट्टी पिकून निघालेल्यांना द्यावं.

बाकीच्यांसाठी मागणी फार छोटी आहे, आणि ती डिस्चार्ज कार्डावर मावते. बऱ्याच कार्डांवर शस्त्रक्रियेचं लांबलचक इंग्रजी नाव असतं, औषधांच्या गोळ्या असतात, आणि ‘ओपीडीत दाखवणे’ असा शिक्का असतो. त्यात मराठी-हिंदीत एवढं लिहिलेलं हवं: हाड कुठे आहे, पोटात डावीकडे की उजवीकडे, की फ्रीजरमध्ये, आणि तसं असेल तर कुठल्या क्रमांकाने, डोक्याच्या हाड काढलेल्या बाजूवर झोपू नये, बाहेर पडताना डोक्यावर हेल्मेट किंवा टणक टोपी असावी, बसल्यावर डोकं दुखू लागलं, खळगा खोल होत गेला किंवा उलट फुगून ताठ झाला तर तारखेची वाट पाहू नये, आणि परत येण्याची तारीख, महिन्यासकट. सोबत पातळ छेदांच्या स्कॅनची सीडी. ती हरवली तर साच्यासाठी स्कॅन पुन्हा काढावा लागतो, आणि पोटात हाड आहे हे माहीत नसलेल्या गावच्या डॉक्टरने तो उंचवटा गाठ समजून चिरल्यास जे हाड फुकट मिळणार होतं तेही जातं.